राजीनाम्यावर सही करू नका, आधी नीट अर्ज लिहा

ताई, तुम्ही लिहिलंय की अपघातानंतर मांडीत रॉड आहे, धुळ्यातल्या खाजगी कंपनीत तुमचं टेबल दुसऱ्या मजल्यावर आहे आणि खाली बसू द्या म्हटलं तर मॅनेजर म्हणतात, 'जमत नसेल तर राजीनामा द्या.' तो देऊ नका. एकदा सही झाली की राजीनामा स्वखुशीचा धरला जातो, मग भांडणं अवघड.

मला लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायात कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा) आहे. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. ऑफिस माळ्यावर होतं. मे महिन्यात कॅलिपरचा पट्टा घामाने मांडी सोलून काढायचा. 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असा अर्ज दिला. शेठनी मान हलवली, अर्ज ड्रॉवरमध्ये गेला. दुसऱ्या अर्जात सहानुभूती गाळली. लिहिलं, बिल्टीसाठी (माल पाठवल्याच्या पावतीसाठी) ड्रायव्हर वर येतो तोवर गाडी खाली अडते. टेबल गेटजवळ आणलं तर गाडी लवकर सुटेल आणि माझे रोजचे सात-आठ जिने वाचतील. आठवड्यात टेबल खाली आलं. (पंखा दिवाळीनंतर मिळाला, ऐन थंडीत.)

तुम्हीही तेच करा. त्रासाचं वर्णन दोन ओळीत, मागणी एकच आणि नेमकी. तोंडी नको, ईमेल करा किंवा पोच घ्या. राजीनाम्याचं बोलणं कधी, कोणासमोर झालं तेही तारखेसह टिपून ठेवा.

कायदा 2016 चा, दिव्यांग हक्कांचा. त्यात वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव धरलाय. मालकावर अवाजवी बोजा पडत असेल तर गोष्ट वेगळी, पण टेबल खाली आणण्यात कसला बोजा? नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, हे कलम मात्र सरकारी आस्थापनांसाठी आहे. कोणी ते तुमच्या नावावर खपवलं तर भुलू नका. समान संधी धोरण खाजगी कंपनीलाही लागतं. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या सोयी बघणारा संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. एचआरकडे ते धोरण लेखी मागा. नुसत्या मागण्यानेही सूर बदलतो.

चाळीस टक्के अपंगत्वाची अट आरक्षणासारख्या लाभांना आहे, अशी सोय मागायला नाही. तरी यूडीआयडीसाठी (सरकारी दिव्यांग ओळखपत्रासाठी) अर्ज करून ठेवा, सिव्हिलला जाताना एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड न्या. कंपनी दाद देत नसेल तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, पण तिथे तुमच्या अर्जाची पोच लागेल.

मसुदा झाला की कंपनीचं नाव खोडून इथे टाका, बघतो मी.