रोगकारक जिवाणू रक्तवाहिन्यांच्या पेशींमध्ये शिरतात तरी कसे?

बहुतेक वेळा ते भोक पाडून घुसत नाहीत, पेशीच त्यांना आत ओढून घेते! रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो, एंडोथेलियम. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू घ्या. त्याच्या पृष्ठभागावरची प्रथिनं आपल्याच शरीरातलं फायब्रोनेक्टिन हे चिकट प्रथिन पकडतात, आणि तेच फायब्रोनेक्टिन दुसऱ्या बाजूने पेशीवरच्या इंटिग्रिन नावाच्या पकड घेणाऱ्या प्रथिनांना चिकटतं. एका जागी पुरेसे इंटिग्रिन गोळा झाले की पेशीत संदेश जातो, पेशीच्या सांगाड्यातले ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू नव्याने रचले जातात आणि पेशीचं आवरण जिवाणूभोवती पिशवीसारखं मिटतं. आत गेलेल्या जिवाणूपर्यंत रक्तातल्या अँटिबॉडी पोचत नाहीत, कित्येक अँटिबायोटिक्सही पेशीत नीट शिरत नाहीत. असे संसर्ग पुन्हा डोकं वर काढतात, त्याचं हे एक कारण. माझ्या मते सगळ्यात काळजीची गोष्ट हीच.

रिकेट्सिया हा जिवाणू तर आत आल्यावर ती पिशवीही फोडतो आणि पेशीतलंच ॲक्टिन वापरून शेजारच्या पेशीत सरकतो. लहान वाहिन्या झिरपू लागतात, अंगावर पुरळ उठतं.

मेनिंगोकॉकस या मेंदूज्वराच्या जिवाणूची तऱ्हा वेगळी. तो बारीक तंतूंनी पेशीला बाहेरून घट्ट धरतो आणि पेशींमधले सांधे सैल करतो. तिथून मेंदूच्या आवरणापर्यंतची वाट त्याला मोकळी होते.