रीजनल एअरलाइनमध्ये पायलट म्हणून पगार आणि पुढची संधी कशी असते?

अमेरिकेतल्या रीजनल कंपन्यांपुरतं सांगतो, म्हणजे मोठ्या एअरलाइनसाठी छोट्या मार्गांवर विमानं चालवणाऱ्या कंपन्या. पूर्वी तिथे सुरुवातीचा पगार खरोखर लाजिरवाणा होता. 2009 मध्ये बफेलो शहराजवळ एका रीजनल कंपनीच्या विमानाला झालेल्या अपघातानंतर तो चव्हाट्यावर आला. 2013 पासून को-पायलटलाही साधारण 1500 तासांचा अनुभव सक्तीचा झाला (लष्करी आणि ठरावीक पदवीवाल्यांना थोडी सूट), मग माणसं मिळेनात. म्हणून 2022 मध्ये एन्व्हॉय, पिडमाँट आणि पीएसए या रीजनल कंपन्यांनी नव्या को-पायलटचा दर ताशी 90 डॉलरवर नेला.

पण 'ताशी' म्हणजे ड्यूटीचा तास नव्हे. विमान जागचं हललं की मीटर सुरू होतो. विमानतळावर ताटकळण्याचे तास त्यात सहसा धरत नाहीत. म्हणून कंपनी निवडताना महिन्याला किमान किती तासांची हमी आहे, ते आधी विचारा.

सगळं सीनिऑरिटीवर चालतं: बेस (जिथून ड्यूटी सुरू होते तो विमानतळ), सुट्ट्या, कॅप्टनपद. कंपनी बदललीत की पुन्हा शेवटच्या नंबरावर. त्यामुळे नव्या कंपनीत रुजू होताना मिळणाऱ्या बोनसला भुलून उड्या मारू नका. मोठ्या एअरलाइनमध्ये थेट नेणारा 'फ्लो'चा करार असेल, तर माझ्या मते तो बोनसपेक्षा मोलाचा. निवृत्ती 65 ला, म्हणजे तिथे जितक्या लवकर पोहोचाल तितकी मोठ्या पगाराची वर्षं जास्त.