आमच्या गल्लीतल्या रस्त्यावर महापालिकेने किती खर्च केला, याची कागदपत्रं कशी मिळवायची? वकील लागतो का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी झालेला रस्ता पहिल्याच पावसात उखडला, आणि वॉर्ड ऑफिसात विचारलं तर "साहेब साइटवर गेलेत" एवढंच ऐकायला मिळतं. वकील अजिबात लागत नाही. माहिती अधिकार कायद्याखाली साधा अर्ज करायचा. त्याला लागतं ते दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एक कागद आणि थोडा चिवटपणा. मी हे केलंय, आणि पहिल्या खेपेला चांगला तोंडावर आपटलोय, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझ्या पहिल्या अर्जात मी तावातावाने लिहिलं होतं: "रस्ता इतक्या लवकर का उखडला? जबाबदार कोण? ठेकेदारावर कारवाई का केली नाही?" महिनाभराने दोन ओळींचं उत्तर आलं. मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. राग आला, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. माहिती अधिकारात दफ्तरी जे आहे ते मिळतं. अधिकाऱ्याने तुमच्यासाठी नवं स्पष्टीकरण लिहून द्यावं, अशी सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2011 साली हेच सांगितलंय. तेव्हा "का" विचारू नका, कागद मागा. आणि कागद मागायचा तर त्याचं नाव माहीत हवं.

रस्त्याच्या कामाचे हे कागद असतात: मंजूर अंदाजपत्रक (बोलताना सगळे इस्टिमेटच म्हणतात), निविदेच्या अटी, कार्यादेश म्हणजे वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तक आणि अदा केलेली देयकं. यातलं सगळ्यात बोलकं मोजमाप पुस्तक, म्हणजे एम.बी. किती लांबी, किती रुंदी, डांबराचा थर किती जाडीचा, हे कनिष्ठ अभियंत्याने त्यात लिहून सही केलेली असते आणि त्यावरूनच ठेकेदाराचं बिल निघतं. कागदावर जाडी किती आणि उखडलेल्या कडेला प्रत्यक्षात किती, हे तुम्ही शाळेतल्या पट्टीनेही बघू शकता. कामाच्या साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचा हक्कसुद्धा कायद्याच्या कलम 2 मध्येच आहे. फार कमी लोक तो वापरतात.

अर्ज करण्याआधी मात्र एक सोमवार खर्च करा. नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानुसार महापालिकांसह स्थानिक कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख बघता येतात. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याच्याही आधीपासून होती. काउंटरवरच्या माणसाला हे ठाऊक नसेल, "अर्ज कुठाय?" असं विचारेल. शासन निर्णयाची प्रत खिशात ठेवा, आवाज चढवू नका. फाइल समोर आली की कामाचं नेमकं नाव, वर्क ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख टिपून घ्या. हे तीन तपशील अर्जात आले की "अर्थबोध होत नाही" हे ठरलेलं उत्तर देता येत नाही.

मग अर्ज. महाराष्ट्रात त्याचा नमुना 'जोडपत्र अ' नावाने मिळतो. विषय एकच ठेवायचा आणि मजकूर साधारण 150 शब्दांत बसवायचा, असा 2012 पासून इथला नियम आहे. रस्ता, गटार आणि पथदिवे एकाच अर्जात कोंबू नका. माझा दुसरा अर्ज साधारण असा होता: "अमुक चौक ते तमुक शाळा या रस्त्याचे डांबरीकरण, कार्यादेश क्रमांक अमुक. या कामाचे मंजूर अंदाजपत्रक, निविदेतील दोष दायित्व कालावधीच्या अटी, मोजमाप पुस्तकातील संबंधित पाने व अदा केलेल्या देयकांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात." बस. दोष दायित्व कालावधी म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत. माहिती कशासाठी हवी हे लिहायचं नाही. कलम 6(2) नुसार कारण विचारताच येत नाही. अर्ज स्वतःच्या नावाने करा, सोसायटीच्या लेटरहेडवर नको. हा हक्क नागरिकाला आहे, संस्थेला नाही, आणि एवढ्यावरूनही अर्ज परत येतात.

अर्ज 'जन माहिती अधिकारी' यांच्या नावे जातो. मोठे रस्ते सहसा मुख्य खात्याकडे असतात, गल्लीबोळ वॉर्ड ऑफिसकडे. चुकीच्या टेबलावर गेला तरी घाबरू नका. विषय दुसऱ्या प्राधिकरणाचा असेल तर पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणं त्यांचं काम आहे, तुमचं नाही. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. "उद्या या, पोच देतो" म्हणाले तर तिथेच बसा. पुढचं सगळं त्या शिक्क्यावरच्या तारखेवर उभं असतं. शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर तुमची महापालिका दिसत असेल तर घरबसल्याही होतं.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. बहुतेकदा आधी पत्र येतं: इतकी पानं, पानाला दोन रुपये, इतकी रक्कम भरा. माझं बिल 86 रुपये झालं होतं. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस तिसात धरत नाहीत, म्हणून लगेच भरून पावती जपा. तीस दिवस उलटूनही काहीच आलं नाही तर ती माहिती फुकट द्यावी लागते, कलम 7(6). हे त्यांना आपणहून आठवत नाही.

गप्प बसले किंवा अर्धवट दिलं तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील, जोडपत्र ब, वीस रुपयांचं स्टॅम्प. सुनावणीला स्वतः जा. समोर बसलेला अपिलीय अधिकारी त्याच खात्यातला वरिष्ठ असतो, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नको. पण माझी अडलेली एम.बी. सुनावणीच्या आदल्या दिवशी फोन करून देण्यात आली. तिथेही नाहीच जमलं तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला 250 रुपयांप्रमाणे 25,000 पर्यंत दंड करू शकतो. तिथली रांग मोठी आहे, म्हणून प्रकरण पहिल्या अपिलातच मिटेल असं बघा.

"नस्ती आढळून येत नाही" असं लेखी आलं, तर अपिलात महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाचा उल्लेख करा. अभिलेख बेकायदा नष्ट केल्यास त्यात कैदेची तरतूद आहे. हरवलेल्या फाइली या एका वाक्यानंतर सापडल्याचं मी ऐकलंय. मला ते लिहावं लागलं नाही.

आता तुमच्या रस्त्याबद्दल. कागद हातात आले की रकमेच्या आधी दोष दायित्व कालावधी शोधा. आमच्या कामात तो तीन वर्षांचा निघाला, आणि रस्ता उखडला तेव्हा दोनसुद्धा झाली नव्हती. म्हणजे दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची होती, आणि इकडे वॉर्डात त्याच पट्ट्यासाठी नवीन इस्टिमेट तयार होत होतं. त्या अटीच्या पानाची झेरॉक्स जोडून आम्ही कार्यकारी अभियंत्याला एक पानी पत्र दिलं. नवीन इस्टिमेट बारगळलं आणि दिवाळीनंतर जुन्याच ठेकेदाराचा रोलर गल्लीत आला. तुमचीही दोनच वर्षं झालीत, तेव्हा येत्या सोमवारीच जा.