मज्जारज्जूतला दाब: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मणक्याला मार लागल्यावर भावाची शस्त्रक्रिया झाली. हाडाचा दाब काढला, मणके बसवले. तरी रक्तदाब औषधाने वाढवून ठेवलाय आणि कमरेत नळी आहे. कशासाठी?

उत्तर: हाडाचा दाब गेला तरी रज्जूची सूज राहते. भोवतीचे ड्यूरा नावाचे चिवट आवरण फारसे ताणत नाही. सुजलेला रज्जू त्याला आतून टेकतो, दाब चढतो आणि बारीक रक्तवाहिन्या चेपतात. सरासरी रक्तदाबातून हा आतला दाब वजा केला की रज्जूला रक्त पोचवणारा दाब मिळतो. रक्तदाब ८५ आणि आतला दाब २० मिमी पारा असेल, तर उरतात ६५. आतला दाब ३५ झाला, की रक्तदाब तोच असूनही उरतात फक्त ५०. कमरेची नळी हा आतला दाब मोजायला.

पूर्वी सरासरी रक्तदाब ७ दिवस ८५ ते ९० ठेवत. २०२४च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत खालची मर्यादा ७५-८०, वरची ९०-९५ आणि मुदत ३ ते ७ दिवस आहे. वरची मर्यादाही पाळायचीच, कारण जास्त औषधाने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मानेच्या इजेत ठोके आधीच मंद असतात. फेनिलेफ्रिन या रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाने ते आणखी मंदावू शकतात, म्हणून तिथे बहुधा नॉरअॅड्रेनालिन हे दुसरे औषध निवडतात.

प्रश्न: मी आयसीयूत परिचारिका आहे. लंबर ड्रेनचा (कमरेच्या नळीचा) आकडा दर पाळीला बदलतो. ५ असतो, मध्येच १२ होतो. रुग्णात तर काही फरक दिसत नाही.

उत्तर: आधी ट्रान्सड्यूसरची, म्हणजे दाब मोजणाऱ्या यंत्राची, उंची बघा. तो १० सेंटिमीटर खाली गेला तर आकडा सुमारे ७ मिमी पाऱ्याने जास्त दिसतो. म्हणजे तुमचा ५ चा १२ होण्याएवढा! पलंग वर-खाली केला, कूस बदलली, की पुन्हा पातळी लावा. झीरो करताना (आकडा शून्यावर आणताना) थ्री-वे, म्हणजे नळीवरची तीन तोंडांची चावी, हवेला उघडा हवा. रक्तदाबातून कमरेच्या आकड्याची वजाबाकी करायची तर धमनीचा आणि कमरेचा ट्रान्सड्यूसर एकाच पातळीवर ठेवा, आणि ती पातळी तक्त्यावर लिहा.

आकडा घेताना रज्जूभोवतीच्या पाण्याचा निचरा बंद करा. पिशवीकडचा मार्ग उघडा असेल तर वाचन फसवे येते. लहर नाडीबरोबर हलली पाहिजे. सपाट रेघ म्हणजे नळी मुरगळली, थ्री-वे चुकीकडे वळला किंवा गुठळी अडली. नळी स्वतःहून फ्लश करू नका (द्रव ढकलून साफ करू नका), डॉक्टरांना बोलवा.

आणि एक गोष्ट, जिच्यावर आम्ही हट्टी आहोत: धमनीच्या लाइनला ३०० मिमी दाबाची फ्लश पिशवी असते, तशी कमरेच्या लाइनला कधीही जोडायची नाही. दोन्ही लाइनना ठळक, वेगवेगळी लेबले लावा. निचऱ्याची तासाची मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्या. पाणी भराभर गेले तर डोकेदुखी होते, क्वचित मेंदूवर रक्तस्रावही.

प्रश्न: कमरेचा आकडा म्हणजे इजेच्या जागेचा दाब का?

उत्तर: दर वेळी नाही. सुजलेला रज्जू ड्यूराला पूर्ण टेकला की वरचे आणि खालचे पाणी एकमेकांपासून तुटते. मग कमरेत १० दिसत असताना इजेपाशी दाब बराच जास्त असू शकतो. म्हणून काही केंद्रे शस्त्रक्रियेतच ड्यूराखाली, सुजेच्या जागी, दाब मोजणारा बारीक प्रोब ठेवतात. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातील संशोधकांनी ही पद्धत पुढे आणली. मोजमाप नेमके मिळते, पण पाणी झिरपणे, जंतुसंसर्ग, प्रोब सरकणे हे धोके असतात. ड्रेसिंग पाण्यासारख्या स्वच्छ स्रावाने ओले दिसले तर लगेच कळवा.