लागर, गव्हाची बिअर, आयपीए आणि स्टाउट यांपैकी तुम्हाला कोणता प्रकार आवडतो आणि का?

माझी पहिली पसंती बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला, म्हणजे हेफेवायझेनला आहे. तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा जो गंध येतो, तो हे पदार्थ घातल्यामुळे नव्हे, तर आंबवण्यासाठी वापरलेल्या विशिष्ट यीस्टमुळे निर्माण होतो. ती गाळलेली नसल्यामुळे गढूळ दिसते, आणि हा गढूळपणा दोष समजून ग्लास परत पाठवणारे लोक मी पुण्यातील मायक्रोब्रुअरीत पाहिले आहेत. मसालेदार जेवणासोबत तिचा सौम्यपणा मला कडवट बिअरपेक्षा अधिक मानवतो.

त्याखालोखाल पिल्सनर ही फिकट सोनेरी लागर आवडते. १८४२ मध्ये बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) पिल्झेन शहरात योझेफ ग्रोल याने फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), तिथले मृदू पाणी आणि साझ जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि गंध देणारी फुले) वापरून ती प्रथम बनवली. आपल्याकडे बाटलीत मिळणारी बहुतेक लागर तिचीच दूरची नातलग असली, तरी हॉप्सचा तो स्वच्छ कडवटपणा तिच्यात फारसा उरलेला नसतो.

आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्स घातलेली कडवट ‘इंडिया पेल एल’, मला अर्ध्या ग्लासापुरतीच आवडते. स्टाउटबद्दल मात्र माझा बरीच वर्षे गैरसमज होता. रंग काळा, म्हणून ती अधिक मादक असणार असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो रंग भाजलेल्या बार्लीचा असतो आणि गिनेस ड्राफ्ट या प्रसिद्ध आयरिश स्टाउटमध्ये अल्कोहोलचे प्रमाण सुमारे ४.२ टक्के, म्हणजे आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’ बिअरपेक्षा बरेच कमी असते. बिनसाखरेच्या कॉफीची सवय असलेल्यांना ती लवकर रुचते, असा माझा अनुभव आहे.