मंदीच्या काळात स्वतंत्र लेखन-अनुवादाचा व्यवसाय कसा टिकवावा?

आपण विचारले आहे की जाहिरात संस्थांकडील कामे आटली असताना दर कमी करावेत का. माझ्या मते दराआधी वसुलीकडे पाहावे, कारण मंदीत कामाइतकीच थकलेली बिले जीव काढतात.

त्यासाठी आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी करावी; ती आधार व पॅनच्या आधारे ऑनलाइन आणि विनामूल्य होते (त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालांना दुरूनच नमस्कार करावा). सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत अशा नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाला पैसे देणे ग्राहकावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम प्राप्तिकर कायद्यामुळे ग्राहकाला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चअखेरीस ग्राहकाचा लेखापालच बिलाची आठवण काढतो. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक आणि मजकूर सुपूर्द केल्याची तारीख ठळक लिहावी.

कामांची निवड दुसऱ्या क्रमांकावर येते. दिवाळी अंक जाहिरातींवर चालत असल्याने तेथील मानधनाला कात्री लवकर लागते. न्यायालयीन कागदपत्रे, औषधांची माहितीपत्रके, पाठ्यसाहित्य यांचा अनुवाद तुलनेने टिकून राहतो. दर उतरवण्याऐवजी कामाची व्याप्ती घटवावी, उदाहरणार्थ त्याच दरात दोनऐवजी एकच फेरदुरुस्ती द्यावी.