साडेचारचा गजर आणि शतपावली

"मॅडम, माझ्यात चिकाटीच नाही. घरी सगळे मला आरंभशूर म्हणतात, आणि ते खरंच आहे."

समोर बसलेल्या ताई सेहेचाळीस वर्षांच्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सरकारी नोकरी, घरी नवरा, बारावीतला मुलगा आणि सासूबाई. आईला मधुमेह होता. डिसेंबरातल्या तपासणीत ताईंचं एचबीए१सी ६.१ आलं. साधारण तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारा हा आकडा ५.७ ते ६.४ च्या मध्ये असला, तर मधुमेह झालेला नसतो, पण उंबरठ्यावर आलेला असतो. डॉक्टरांनी चालायला आणि थोडं वजन उतरवायला सांगितलं होतं.

ताईंनी मोबाइलवर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचा फोटो दाखवला. जानेवारीच्या पानावर लाल पेनानं नऊ बरोबरच्या खुणा. दहा तारखेला फुली आणि पुढे सगळं कोरं. पाडव्यापासून हिरव्या पेनानं पुन्हा सुरुवात, ती सहा खुणांवर थांबलेली.

संकल्प काय होता? पहाटे साडेचारला उठून तासभर चालायचं, साखर बंद, भात बंद, रात्री फक्त सूप आणि तीन महिन्यांत दहा किलो कमी. हे सगळं एकाच दिवसापासून.

"दहा तारखेला काय झालं?"

"आदल्या रात्री सासूबाईंना खोकल्याची उबळ येत होती. माझा पहाटे डोळा लागला, गजर बंद केला. मग वाटलं, खाडा पडलाच आहे. दुपारी ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला, तोही खाल्ला. दुसऱ्या दिवशी गजरच लावला नाही."

झोप, भूक, मनाची उदासी यांची मी आधी नीट चौकशी केली, थायरॉइडचा रिपोर्टही पाहिला. नैराश्य असेल तर माणसाला सवयींचे धडे देणं हा अन्याय होतो, तिथे आधी उपचार लागतात. ताईंच्या बाबतीत तसं काही नव्हतं.

मी विचारलं, "ताई, सकाळचे डबे किती?"

"चार."

"किती वर्षं?"

"वीस होतील."

"वीस वर्षं सकाळी सहाला चार डबे भरणाऱ्या बाईत चिकाटी नाही, हे मी कसं मान्य करू?"

त्या काही बोलल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि मग डोळे पुसले.

असा माणूस मला दर महिन्याला भेटतो, म्हणून कळकळीनं सांगते. दोष ताईंचा नव्हता, संकल्पाच्या मापाचा होता. घरात कुणी आजारी नाही, पाहुणे नाहीत, झोप पुरी झालेली आहे, अशा दिवसाचं माप घेऊन तो शिवलेला होता. असे दिवस महिन्यातून दोन-तीन येतात. रात्री साडेअकराला झोपणाऱ्या बाईनं साडेचारला उठायचं म्हणजे पाचच तास झोप. हे टिकलं नाही ते बरंच झालं.

मग आम्ही त्यांचा दिवस घड्याळाप्रमाणे कागदावर उतरवला. न चुकता घडणारी गोष्ट मी शोधत होते, कारण नवी सवय टांगायला जुन्या सवयीची खुंटी लागते. ती सापडली रात्री सव्वानऊला. जेवणं आटोपली की ताई ओटा पुसतात. घरात काहीही झालं तरी पुसतात.

"ओटा पुसून झाला की फडकं वाळत टाकायचं, चपला घालायच्या आणि दहा मिनिटं खाली चालायचं. एवढंच."

"म्हणजे शतपावली? ती तर आमचे आजोबा घालायचे!" त्या पहिल्यांदा हसल्या. "पण दहा मिनिटांनी काय होणार?"

प्रश्न रास्त होता. जेवणानंतर थोडं चाललं तरी रक्तातली साखर कमी चढते, हे मी त्यांना सांगितलं. आठवड्याला दीडशे मिनिटांचा व्यायाम हे जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेलं माप आहे, पण आपण तिथे पोचायचं आहे, तिथून सुरुवात करायची नाही. भात बंद करायचा नाही. चहा चार वेळा होता, त्यातल्या फक्त दुपारच्या चहातली साखर अर्धी करायची.

तीन आठवड्यांनी आल्या त्या खाली मान घालून. "सुटलं, मॅडम. मुलाला ताप होता, चार दिवस गेले नाही."

"पाचव्या दिवशी?"

"गेले."

मी कॅलेंडर पुढ्यात ठेवून खुणा मोजायला लावल्या. एकवीस दिवसांत सतरा. एकवीस दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगतात, त्यानं माणसं उगाच खचतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाला, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. ताईंनी तो ६६ चा आकडा वहीत लिहून घेतला. जानेवारीत एक खाडा पडल्यावर त्यांनी सगळं सोडलं होतं. या वेळी चार पडूनही परत फिरल्या होत्या, आणि मला त्या सतरा खुणांपेक्षा पाचव्या दिवसाची खूण मोलाची वाटत होती.

एक अडचण नवऱ्याची निघाली. "आज नाही का जायचं?" हे ते काळजीनं विचारत, ताईंना मात्र टोमणा ऐकू येई. पुढच्या वेळी मी दोघांना बोलावलं. विचारू नका, जमलं तर चपला घालून सोबत निघा, एवढंच त्यांना सांगितलं. ते निघू लागले. दहाची वीस मिनिटं गप्पांत कधी झाली, ते दोघांनाही सांगता आलं नाही.

ऑगस्टातला रिपोर्ट ५.८ आला, वजन अडीच किलोनं उतरलं. दहा किलोंचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पुढची तपासणी डॉक्टर ठरवतील.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. बाहेर धो धो पाऊस, त्यात लाइट गेलेले. "ओटा पुसला, फडकं टाकलं आणि बघते तर पाय चपलेत! हे म्हणाले, अगं, पाऊस आहे. मग काय, मोबाइलचा टॉर्च लावून आम्ही दोघांनी पार्किंगमध्येच फेऱ्या मारल्या."